माणूस काम करत आहे

आमच्या अण्णांनी आठ वर्षांनी हत्यारांची पेटी उघडली, ती माझ्या गाडीच्या एका पिवळ्या दिव्यामुळे. २००१ साली कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि देखभाल खात्यातले इलेक्ट्रिशियन रामदास, म्हणजे माझे वडील अण्णा, यांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. स्वेच्छा कोणाची, ते कोणी विचारलं नाही. तेव्हापासून पेटी कॉटखाली आणि अण्णा गॅलरीत.

मी हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत. इंजिनाचा दिवा विझेना, म्हणून शनिवारी सकाळी कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत गाडीला लॅपटॉप जोडला. स्क्रीनवर आलं: ऑक्सिजन सेन्सर, हीटर सर्किट. धुरातला ऑक्सिजन मोजणारा हा सेन्सर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटर असतो.

"हीटर गेला. सेन्सर बदलावा लागणार," मी म्हणाले.

"कशावरून?" मागून अण्णांनी विचारलं. ते वर गेले आणि पेटी घेऊन खाली आले.

सेन्सरचा प्लग सोडवून त्यांनी त्याच्या दोन पांढऱ्या वायरींना मीटर लावला. "सहा ओहम. हीटर जिवंत आहे, मैत्री." मग मला किल्ली फिरवायला लावून गाडीकडच्या प्लगला टेस्ट लॅम्प लावला. तो लागला नाही. फ्यूज चांगला होता. "वीज इथवर पोचतच नाही. तो बिचारा तापणार कसा? वायर वाटेत कुठंतरी गेलीय. उष्णता सोसणारी वायर आणतो, मग उघडू."

त्यांनी प्लग परत बसवला, पेटीतून पत्र्याची लाल पाटी काढली आणि स्टीअरिंगला अडकवली. 'चालू करू नये. माणूस काम करत आहे.' कारखान्यातला नियम होता: ज्यानं पाटी लावली, त्यानंच ती काढायची. मग ते बसनं नाना पेठेत गेले. त्या सकाळी त्यांची पाठ ताठ होती. मला ते दिसलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

तरी मी गॅरेजला फोन केला. "मॅडम, इलेक्ट्रॉनिक काम आहे, घरी हात लावू नका," तिकडून सल्ला आला. सोमवारी कामाची घाई होती आणि स्क्रीनवर हीटर लिहिलं होतं. बापापेक्षा मी स्क्रीनवर विश्वास ठेवला. पाटी काढून मागच्या सीटवर टाकली आणि गाडी घेऊन गेले.

दुपारी नवा सेन्सर बसवून परतले, तेव्हा अण्णा हातात पुडकं घेऊन पार्किंगमध्ये उभे होते.

"झालं काम, अण्णा. तुम्हाला उगाच त्रास."

"बरं," ते म्हणाले. सीटवरची पाटी उचलली आणि जिना चढले. पेटी कॉटखाली गेली.

आई फक्त एवढंच बोलली, "एकदा कारखान्यात ह्यांच्या जोडीदाराची, गेनबाची, पाटी काढून मशीन चालू करा, म्हणून साहेब ह्यांच्यावर ओरडला होता. ह्यांनी मेमो घेतला, पण पाटीला हात लावला नाही. आत गेनबाचा हात होता."

मंगळवारी ऑफिसला जाताना दिवा पुन्हा लागला. तोच कोड. गाडी बाजूला घेऊन मी रडले, आणि ते दिव्यासाठी नव्हतं. ही पेटी आता पुन्हा उघडणार नाही, याची भीती वाटत होती.

संध्याकाळी मी पेटीतली पाटी काढून स्टीअरिंगला अडकवली आणि किल्ली अण्णांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. "चुकले, अण्णा. तुम्ही सांगितलं होतंत." त्यांनी चहा संपवला.

दोन दिवस मी स्वारगेटला बस बदलून ऑफिसला गेले. गुरुवारी परतले तर अण्णा गाडीशेजारी पेटीवर बसलेले, हात काळे. त्यांनी वायरीचा एक तुकडा दाखवला. क्लिप तुटून ती सायलेन्सरच्या पाइपाला टेकली होती आणि जळून तुटली होती.

"झालं?"

"जोडून झालंय. किल्ली फिरवून बघायचं राहिलंय."

"मग किल्ली तुमच्याकडेच होती की."

"पाटी तू लावलीस," अण्णा म्हणाले. "मी कशी काढू?"

ते सकाळी अकरापासून तिथं बसून होते, हे आईनं मागाहून सांगितलं.

मी पाटी काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पेटीत ठेवली, टेस्ट लॅम्प घेतला आणि बॉनेटखाली वाकले. मी किल्ली फिरवली.

"लागला," अण्णा म्हणाले.