माझे दोन झरोके

टिक्... टिक्.

शनिवारची सकाळ. घर अगदी गप्प होतं, तेवढ्यात भिंतीलगतच्या हीटरचा पत्रा तापून वाजू लागला. त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. अंग म्हणजे काय, लाल कापड आणि थोड्या लवचीक काड्या. मित्रांनो, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसणाऱ्यांसाठी शिवलेला मी एक तंबू. एकदाच काय तो वापरला गेलोय. मिनिआपोलिसमधल्या या लहानशा घरात, कोटांच्या कपाटात, मी वर्षभर पिशवीत उभा आहे. आज घर हलतंय. मंडळी निघाली कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराला, तिथे कुठलं तळं गोठायला! खोक्यांवर चिकटपट्ट्या बसताहेत आणि माझं काय करायचं ते कुणीच बोलत नाही. मग मला चैन कसं पडावं?

मला शिवणाऱ्या बाईने माझ्या माथ्याशी दोन झरोके ठेवले. त्यांना जाळी लावली, झाकण मात्र मुद्दामच लावलं नाही. दुकानात गिऱ्हाइकं मला हात लावायची, "याच्यात वारा शिरणार," म्हणायची आणि पुढे जायची.

गेल्या वर्षी, दोन हजार सातच्या जानेवारीत, पाच वर्षांच्या सईचं बोट धरून गिरिजा दुकानात आली. तिचा नवरा यशोधन इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होता. त्याचा लॅबमधला मित्र सौमित्र मूळचा मालवणचा. बर्फाला भोक पाडून मासे धरायचेच, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तळ्यावर एक रात्र राहायचं ठरलं. हे दोघे, लॅबमधलीच उत्तरा, गिरिजा आणि सई. तंबू निवडायचं काम गिरिजाकडे आलं.

"तू घरीच असतेस ना," यशोधन सहज म्हणाला होता.

तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. ते 'घरीच' तिला लागलं. तीन आठवडे तिने लायब्ररीतली मासिकं पालथी घातली. या देशात चारचौघांसाठी काही निवडायची तिची ही पहिलीच वेळ. ती तिला चुकू द्यायची नव्हती.

दुकानदार आजोबांना तिने प्रश्नांनी भंडावून सोडलं. ते म्हणाले, "डब्यावर आठ जण लिहिलंय ना, ते स्टुलावर बसून मासे धरणारे. झोपायचं असेल तर निम्मे धर, पोरी." माझ्या शेजारी एक निळा तंबू होता, चारी बाजूंनी गच्च बंद.

सौमित्र फोनवर ओरडला, "वहिनी, निळाच घ्या! ऊब महत्त्वाची, यार."

"आत गॅसचा हीटर लावणार ना तुम्ही? मग हवेला जायला-यायला वाट नको? मी लाल घेतेय."

मित्रांनो, त्या दिवशी मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

तळ्यावर त्यांनी मला उघडलं. लांब स्क्रू बर्फात पिळून मला आवळलं, माझ्या झालरीवर बर्फ लोटला. तळं अधूनमधून पोटातून गुरगुरायचं. सई म्हणाली, "आई, the lake is hungry!" पहिला मासा यशोधनच्या गळाला लागला. तो त्या माशाकडे बघतच राहिला.

"वहिनी, तुमचा नवरा माशाला सॉरी म्हणतोय!" सौमित्र हसून लोळायचा बाकी होता.

अंधार पडला तसा वारा फिरला. माझं कापड फडफडू लागलं. थालीपिठं खाऊन दोघे पुरुष बाहेरचे गळ बघायला गेले, उत्तराला डुलकी लागली, आणि सईला खोकला सुटला. गिरिजा उठली, बसली, पुन्हा उठली. घरच्या खिडक्यांच्या फटी ती अख्खा हिवाळा जुन्या साडीच्या चिंध्यांनी बुजवत आली होती. सई खोकली की तिचा हात आपोआप फटीकडे जायचा. तसाच तो आज माझ्या माथ्याकडे आला. एका झरोक्यात तिने आपली शाल कोंबली, दुसऱ्यात सईचा जादा स्वेटर.

नको, गिरिजा! मला ओरडायचं होतं. पण कापडाला कुठला आवाज!

पुरुष आत आले. कंदील मंद होता, वर कुणी पाहिलं नाही.

"वा! कसलं ऊबदार झालंय! वहिनी, मानलं. बेस्ट तंबू निवडलात."

तीन आठवडे ज्याची ती वाट बघत होती ते कौतुक असं मिळालं, आणि नेमकं त्याच वेळी हीटरचा विषारी वायू माझ्या आत साठत होता. त्याला रंग नाही, वास नाही. गप्पा कमी झाल्या. सगळे आडवे झाले. मी मात्र वाऱ्याबरोबर जिवाच्या आकांताने फडफडत राहिलो.

"आई... डोकं दुखतंय."

गिरिजाने आधी बाम शोधला. हात जड झाले होते. तिने उत्तराला हाक मारली, ओ आली नाही. कधी गप्प न बसणारा सौमित्रही गप्प होता. मग तिची नजर वर गेली. तिने शाल ओढली, स्वेटर ओढला, दाराची चेन फाडावी तशी उघडली आणि एकेकाला बर्फावर ओढून काढलं. पुढे हॉस्पिटल, सगळ्यांना ऑक्सिजन. सगळे वाचले.

"तंबूच भिकार निघाला," सौमित्र म्हणाला. गिरिजा सईच्या अंगात तोच स्वेटर चढवत होती. शाल तिच्या गळ्याभोवती होती.

तेव्हापासून मी कपाटात. ती कोट काढायला यायची, मला पाहिलं न पाहिलं करायची आणि दार लोटून घ्यायची.

आज उरलंसुरलं सामान न्यायला उत्तरा आली. "वहिनी, नवीन मुलं पुढच्या हिवाळ्यात तळ्यावर जायचं म्हणतायत. त्यांना काही..." तिने कपाट उघडलं. "अय्या, हा अजून आहे? हा नको हं. डेंजरस आहे, टाकून द्या. मी त्यांना गच्च बंद होणारा बघून देते."

गिरिजाच्या हातातली चिकटपट्टी खाली पडली.

"उत्तरा, तसला देऊ नकोस. तंबूत काही खोट नव्हती. झरोके मी बुजवले होते."

"तुम्ही?"

"मी. सई खोकत होती. सगळं वाचलेलं, सगळं माहीत होतं, तरी."

"आणि वर्षभर सौमित्र याला शिव्या घालतोय..."

"ऐकत बसले. येऊ दे संध्याकाळी, मीच सांगते त्याला." तिने मला बाहेर ओढलं, माझी धूळ पदराने पुसावी तशी ओढणीने पुसली. "हाच ने. आणि मुलांना सांग, हे झरोके उघडेच राहायला हवेत. कितीही थंडी वाजो. आणि हीटर लावून झोपायचं नाही."

मित्रांनो, आम्हाला वाळवून ठेवा, उंदरांपासून जपा, हे तर सांगतोच. पण माझं खरं मागणं निराळं आहे. कुणी जाणत्या माणसाने जे मुद्दाम उघडं ठेवलंय, ते मायेपोटीसुद्धा बुजवू नका.

गिरिजा माझ्या पिशवीची चेन लावत होती. दारात सई उभी होती, नुकतीच उठलेली, केस विस्कटलेले. तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, तेव्हा माझं डोकं दुखलं म्हणून मी उठले ना?"

"हो, राणी."

"But what if मी उठलेच नसते?"