गोठलेली लस

पौडच्या बाजारात नसीरचं कापडाचं दुकान होतं. १९८७ साली, चौतिसाव्या वर्षी, त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. थोरली बहीण सायरा घोटावड्यात दिलेली. तिची किडनी जुळली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "घ्या की काढून. दोन हायेत मला."

पण पुण्याच्या डॉक्टरांनी आधी लस सांगितली. डायलिसिसमध्ये रक्तातून कावीळ लागायची भीती असते, आणि किडनी बसवल्यावर द्यायच्या औषधांनी शरीराची ताकद दबते. मग तीच कावीळ जिवावर येते. सहा महिन्यांत चार डोस, तेही दुप्पट मात्रेत. सायराच्या नवऱ्यानं मुंबईहून सगळ्या बाटल्या एकदम आणल्या. फ्रीज पौडातल्या एका खाजगी दवाखान्यात होता, म्हणून तिथं ठेवल्या. तिथला कंपाउंडर जयसिंग वेळच्या वेळी टोचायचा.

नसीर आठवड्यातून दोनदा एसटीनं पुण्याला डायलिसिसला जायचा. दिवसभरात दोनच पेले पाण्याची परवानगी, त्यातच चहा. सायरा त्याच्यासमोर पाणी प्यायचीसुद्धा नाही.

चौथा डोस राहिला असताना डॉक्टरांनी रक्त तपासलं. लसीचा काहीच गुण नव्हता.

"किडनीच्या काही रुग्णांना लागत नाही लस," ते म्हणाले. "पण ठेवली कशी होती ते बघून या."

सायरा तडक दवाखान्यात गेली. जयसिंगनं फ्रीजचा वरचा, बर्फाचा कप्पा उघडला. खोकं बर्फाला चिकटलं होतं. त्यानं ते चमच्यानं उचकटून काढलं. आतल्या बाटल्या दगडासारख्या घट्ट.

"हे पयल्यापासनं हितंच हाय?"

"व्हय. गार ठेवा म्हनला व्हता तुमी. टोचायच्या आधी कोमट पान्यात धरायचो."

"चिठ्ठी दिलती न्हवं तुला? बर्फात ठेवू नको म्हनून लिवलं व्हतं डॉक्टरनं!"

"असंल कुटंतरी. अन् बर्फ झाला म्हनून औषध बदलतंय व्हय? तुमच्या भावाच्या अंगातच दम न्हाई."

सायराचा हात टेबलावर इतक्या जोरात आपटला की बाहेर बसलेली माणसं उठून आत आली.

"माझ्या भावाला पानी टोचलंस तू! अन् वर त्यालाच नावं ठेवतुयास?"

खोकं घेऊन ती पुण्याला गेली. डॉक्टरांनी बाटली हलवून उजेडात धरली; आत गुठळ्या तरंगत होत्या. गोठली की लसीचा गुण जातो, ती फेकून द्यायची असते, म्हणाले. आता पुन्हा पहिल्यापासून, आणखी सहा महिने.

नसीर डायलिसिसच्या कॉटवरून म्हणाला, "आपा, जाऊ दे. त्यानं काय मुद्दाम केलंय?"

"मुद्दाम न्हाई केलं, तर तुला सुया कमी टोचनार हायेत?"

त्या पावसाळ्यात नसीरच्या शेजारच्या कॉटवरचा माणूस काविळीनं पिवळा पडला, आणि त्याचं ऑपरेशन रद्द झालं. सायरा भेटली की आधी भावाचे डोळे बघायची. या वेळी प्रत्येक डोस तिनं हॉस्पिटलातच, स्वतः समोर उभं राहून द्यायला लावला. लस लागली. दिवाळीनंतर तिची किडनी नसीरला बसली, आणि चालू झाली.

फाल्गुनात बाजाराच्या दिवशी जयसिंग समोर आला. हसून म्हणाला, "झालं न्हवं समदं ब्येस? उगा वरडला व्हता माझ्यावर."

सायरानं पिशवी खाली ठेवली.

"सहा म्हयने तो वाढीव झिजला. शेजारचा मानूस पिवळा पडल्याला त्यानं डोळ्यांनी बघितला. ब्येस झालं ते तुझ्यामुळं न्हाई, जयसिंग. तू चुकलास, एवढं एकदा तोंडानं म्हन."

जयसिंग इकडंतिकडं बघत राहिला. माणसं थांबली होती.

"म्हन," सायरा म्हणाली.

तो गर्दीतून वाट काढत निघून गेला. सायरा त्यानंतर त्या दवाखान्याची पायरी चढली नाही, आणि जो जाईल त्याला तिनं फ्रीजचा वरचा कप्पा आधी उघडून बघायला सांगितलं.