वरच्या खोलीतले नेटवर्क

"तेन्मोळीअम्मा, बोला! येतोय का माझा आवाज?" जिन्याच्या तळाशी फोन उंच धरून इळंगो ओरडला.

"तोंडाने ओरडताय ते येतंय," वरच्या खोलीतून ती म्हणाली. "फोनमधलं काही नाही."

खाली ऑफिसात सगळे हसले. तमिळनाडूतल्या करूरमधल्या त्या घराच्या पुढच्या भागात टॉवेल-चादरींच्या निर्यातीचे ऑफिस होते, मागे घर, आणि मध्ये लोखंडी शटरचे गोदाम. ऑफिसच्या राउटरचे नेटवर्क शटरपर्यंत यायचे आणि तिथेच संपायचे. वर तर मोबाइललाही रेंज नसे. म्हणून दुकानदार इळंगो आज वाय-फायचे दोन संच घेऊन आला होता. एक दोन डब्यांचा, एक तीन डब्यांचा. दोन्ही लावून बघायचे आणि मग ठरवायचे.

लग्नाआधी तेन्मोळी शाळेत गणित शिकवायची. लग्नानंतर ती ऑफिसची बिले बघू लागली, सासऱ्यांच्या टेबलासमोरच. सासऱ्यांनी, म्हणजे चिन्नसामीमामांनी, तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. चहाचा पहिला पेला ते तिच्यापुढे ठेवायला लावत. पण ती उठली की विचारत, "कुठे निघालीस, बाळा?" ती कितीही वेळा उठो, तितक्यांदा.

आता ऑनलाइन शिकवणीच्या एका कंपनीने तिला शुक्रवारी अकराला नमुन्याचा तास घ्यायला सांगितले होते. ते जमले तर रोज संध्याकाळी वरची खोली, समोर मुले, आणि लावलेले दार. मुलांइतकेच तिला ते दार हवे होते.

दोन डब्यांचा संच ऑफिसात छान चालला, वर मात्र चित्र अडकत राहिले. मग तीन डब्यांचा लावताना तिसरा डबा घेऊन मामा स्वतःच वर निघाले.

"जिथे अंधार, तिथेच दिवा ठेवायचा ना?"

"मामा, हा दिवा नाही," तेन्मोळी म्हणाली. " विटा देणाऱ्या माणसांची रांग समजा. शेवटचा माणूस फार लांब उभा राहिला, तर त्याच्या हातात वीट पडेल का? डबा अर्ध्या वाटेवर हवा. इथे, जिन्याच्या वळणावर."

"इळंगो, आता तुझं दुकान बंद कर," मामा कौतुकाने म्हणाले.

डबा वळणावर बसला आणि वरच्या खोलीत चित्र न अडकता चालू लागले.

"घर आणि ऑफिस दोन्ही हवं तर हाच घ्या," इळंगो म्हणाला. "महाग आहे. पण ह्या डब्यांची आपापसातली बोलणी वेगळ्या वाटेने चालतात. खाली सगळे कामाला बसले तरी वर अडकणार नाही."

"उद्या सकाळी नवा घेऊन ये," मामा म्हणाले.

शुक्रवारी इळंगोला उशीर झाला. तो खोका घेऊन धावत आला, तर मामांनी दारातच हात वर केला.

"थांब. राहुकाळ लागला. साडेदहा ते बारा. बारानंतर लाव."

"मामा, माझा तास अकराला आहे," तेन्मोळी म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय, बाळा. इतकं महत्त्वाचं काम, आणि राहुकाळात नवी वस्तू सुरू करायची?"

"पण तासही त्याच वेळात सुरू होणार की!"

"तो त्यांच्याकडून सुरू होतोय. आपण आपल्या घरात नवं काही सुरू करायचं नाही. जुना राउटर आहे ना? इथेच बस." मामा कारकुनाकडे वळले. "पळनी, फोन बंद कर रे! बाईंचा तास आहे."

इळंगो तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "गुपचूप लावू का?"

"नको," ती म्हणाली. "मामा ओरडले असते, तर लावला असता."

अकराला ती आपल्या टेबलाशी बसली. पलीकडे चार मुले आणि कंपनीच्या एक बाई होत्या.

"मिस, अर्ध्याचं अर्धं केलं तर कमी व्हायला पाहिजे," एक मुलगी म्हणाली. "मग छेदात दोनाचे चार का झाले? चार मोठे!"

तेन्मोळीने मागच्या फळीवरून नमुन्याचा टॉवेल ओढला आणि घडी घातली. "किती भाग?"

"दोन."

पुन्हा घडी. "आता?"

"चार... पण लहान लहान!"

"मग चार कशाचे?"

"तुकड्यांचे!" मुलगी किंचाळली. बिले तपासायचे सोडून पळनी बघत राहिला. तेवढा वेळ ती कुठे बसली आहे हे तेन्मोळी विसरली होती.

"सोमवारपासून या," कंपनीच्या बाई म्हणाल्या. "आणि मागे ती टॉवेलांची फळी असू द्या. मुलांना आवडली."

मामांनी डोळे पुसले. "बघितलंस? जुन्यावरच झालं! इळंगो, तीन डब्यांचा परत ने. ऑफिसपुरता तो दोनाचाच दे."

"मामा, मला वर बसायचं होतं."

"वर उकडतं गं. आणि एकटी कशाला? इथे आम्ही सगळे आहोत."

तिने टॉवेल घडी करून फळीवर ठेवला. इळंगोने तिच्याकडे न बघता खोका उचलला.

सोमवारी तास सुरू झाला. पडद्यावर मुलांचे चौकोन उघडले, आणि तिच्या स्वतःच्या चौकोनात, खांद्यामागे, पांढरा सदरा आणि भस्माचे पट्टे दिसले. मामा हसत होते.

"मिस, मागे कोण आहेत?"

"घरचे," ती म्हणाली, आणि तिने लॅपटॉप जरासा वळवला.

मामांनीही खुर्ची तेवढीच सरकवली, आणि नीट दिसावे म्हणून ते पुढे झुकून बसले.