दोनशे पावलं अलीकडे

बारकी वर्षातून एकदा यायची. साडेअकराच्या बसने उतरायची, चारच्या बसने परत जायची. मधले साडेचार तास माझे. एरवी माझ्या घरात आवाज म्हणजे शिवणयंत्राचा, रेडिओचा आणि रविवारी मुलीच्या फोनचा. तो दहा मिनिटांचा, त्यातली पाच "ऐकू येतंय का, आई?" यातच जातात.

म्हणायला बारकी, पण बाई पंचावन्नची, डोकं पांढरं. तिची आई तिला बारकी म्हणायची म्हणून मीही म्हणायची, आणि ती मला मावशी. नातं असं काही नव्हतं. एकेचाळीस वर्षांपूर्वी तिचा भाऊ आमच्या रस्त्यावर ट्रकच्या धक्क्याने गेला. सायकलवर होता, बावीस वर्षांचा. पुढे वळणावर एक मोठं झाड आहे, त्याखाली आईने दगड बसवून घेतला. गुडघ्याएवढा असेल. त्यावर तारीख आणि खाली एकच ओळ, 'इथे आमचा दादा गेला'. ओळ बारकीने सांगितली होती. तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

आधी दोघी मायलेकी यायच्या. आई गेल्यावर बारकी एकटी. बसमधून उतरली की आधी माझ्या अंगणात यायची, पायरीजवळच्या पिंपातून तांब्याभर पाणी घ्यायची आणि झाडाकडे जायची. दगड धुवायची, थोडा वेळ बसायची, मग माझ्याकडे जेवायला. जेवताना टपालखात्यातल्या गोष्टी सांगायची. तिच्याकडे गावोगावची पत्रं वेगळी लावायचं काम होतं. "मावशी, एकाने पत्ता काय लिहिला असेल? 'मामाला मिळावे.' आता कोणाच्या मामाला?" मी वर्षभर पुरवून पुरवून हसायची त्यावर.

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला निघाला. बारकी यायची त्याच दिवशी सकाळी मुकादम कामकरी घेऊन आला आणि दगडावर पिवळ्या रंगाची फुली मारून घेतली. ती आल्यावर मीही तिच्यासोबत झाडापर्यंत गेले. समोरचा पंक्चरवाला आधीच तिथे मुकादमाशी हुज्जत घालत उभा होता.

"सहा दगड काढले मी या रस्त्यावरचे," मुकादम सांगत होता. "हा सातवा. अहो, रस्ता आहे हा, स्मशान नाही. ड्रायव्हर दगड वाचायला मान वळवतो आणि आठव्या दगडाची सोय करून ठेवतो."

"आणि तो साबणाचा बोर्ड?" पंक्चरवाला म्हणाला. "ती बाई आंघोळ करतेय वीस फुटी. तिच्याकडे नाही वळत मान?"

"बोर्डाचं भाडं येतं."

"म्हणजे मेलेल्याने भाडं भरावं?"

"तू पंक्चर काढ बाबा. हवेतल्या गोष्टी तुला कळतात, तेवढ्या बोल." मग मुकादम बारकीकडे वळला. माणूस वाईट नव्हता. त्याने डोक्यावरची टोपीही काढली. "ताई, मशीन दुपारी येईल. कोणाच्या खासगी जागेत हलवायचा असेल तर मालकाची सही द्या, माझी माणसं नेऊन बसवतील. नाहीतर भरावात जाईल."

मी लगेच म्हटलं, "माझ्या अंगणात ठेव की."

बारकी हसली. "तुमच्या अंगणाचा आणि दादाचा काय संबंध, मावशी?" मग मुकादमाला म्हणाली, "जाऊ द्या भरावात. दगडाचं काय आहे? तो इथे पडला म्हणून आई इथे येऊन बसायची. जागाच चालली, तर दगड कुठे मिरवू?"

तिने नेहमीसारखा दगड धुतला, पिवळ्या फुलीसकट. परत येताना माझा हात धरून चालत होती, खड्डे होते म्हणून. अगदी सहज म्हणाली, "म्हणजे आता माझंही येणं संपलं म्हणा. गुडघेही ऐकत नाहीत. तुम्हाला फोन करत जाईन हं, मावशी."

फोन करत जाईन म्हणणारी माणसं मला ठाऊक आहेत. एक तर माझ्याच पोटची आहे.

झाडापासून माझ्या फाटकापर्यंत दोनशे पावलं आहेत. त्या दिवशी ती मी कशी चालले ते माझं मला माहीत. गप्प बसले असते तर ती जेवून, हसून, चारच्या बसने गेली असती. मला मावशी म्हणतच गेली असती. पण पुन्हा आली नसती. आणि बोलले तर उभ्या जन्मात माझं तोंड पाहणार नाही, असं वाटत होतं. अंगणात आल्यावर तिने तांब्या पिंपावर ठेवला आणि मी म्हटलं, "बारके, तो झाडापाशी नव्हता पडला."

तिला आधी कळलंच नाही.

"तो इथे पडला होता. माझ्या पायरीपाशी."

तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी सात वर्षांची. लहान बाळांचे कपडे शिवायची मी. झबली, टोपडी, दुपटी. पहिलटकरणी आयांना घेऊन यायच्या, कुठल्या कुठल्या गावांहून. त्या दुपारी मी खिडकीशी बसून झबल्यांना नाड्या लावत होते. आवाज झाला. बाहेर धावले तर ट्रक लांब गेला होता आणि मुलगा फाटकाच्या खांबाशी पडला होता. गाड्या अंगावरून जातील म्हणून मी त्याला काखेत धरून आत ओढला. पायरीपर्यंतच ओढवला. हाताशी होती ती झबली त्याच्या डोक्याखाली दिली. बारा होती, धुऊन इस्त्री केलेली. टेम्पो मिळेपर्यंत तो तिथेच, माझ्या मांडीवर गेला. टेम्पोवाला परगावचा, त्याला उचलणारेही वाटसरू. पोलिसांच्या कागदावर 'वळणाजवळ' एवढंच लागलं.

पंधरा दिवसांनी त्याची आई आली. या बारकीचा हात धरून. फाटकात उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्ही रस्त्यावरच राहता. माझा मुलगा नेमका कुठे पडला हो? मला तिथे दगड बसवायचाय."

आत एक पोटुशी बाई माप द्यायला आली होती. तिची आई दाराशीच उभी, कान टवकारून. ज्या दारात तरणाताठा मुलगा गेला, त्या दारातून पहिल्या बाळाचं झबलं कोण नेईल? हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. मी हात लांब करून म्हटलं, "ते पुढचं झाड आहे ना, तिथे." आणि वर हेही म्हटलं, "जागच्या जागीच गेला. त्रास नाही झाला." मी त्याच्याजवळ नव्हतेच म्हटल्यावर दुसरं काय सांगणार?

संध्याकाळी पाण्याचं पिंप ओढत आणून त्या जागेवर ठेवलं. तिथे कुणाचा पाय पडू नये म्हणून. ते तिथेच राहिलं.

हे सगळं मी बारकीला सांगितलं, आता लिहिलंय त्याहून वाकडंतिकडं. खरं बोलले ते खऱ्यासाठी, की तिने यायचं थांबू नये म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही.

ती पिंपाकडे वळली.

"आई चौदा वर्षं त्या झाडाखाली बसली," ती म्हणाली. "झाडाला हात लावून त्याच्याशी बोलायची. तुम्ही इथून बघत होतात."

"हो."

"आणि परत आली की तिला चहा द्यायचात."

"हो."

"मी याच पाण्याने..." तिने पदर खोचला आणि म्हणाली, "हलवा हे."

पिंप भरलेलं होतं, दोन म्हाताऱ्यांना काय हलतंय. तिने खांदा लावून ते कलतं केलं. पाणी सगळ्या अंगणात गेलं, आमच्या चपला फाटकापर्यंत वाहत गेल्या. खाली काही नव्हतं. गोल, काळपट ओली जागा आणि दोन-चार किडे. ती तिथे ओल्यातच बसली.

"काही बोलला?"

"बोलला." एकोणचाळीस वर्षांत ते वाक्य मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. "म्हणाला, 'चष्मा फुटला का बघा.'"

तिचा हात आपोआप नाकावरच्या चष्म्याकडे गेला. तिचा पहिला चष्मा आणायलाच तो शहरात गेला होता. तिला फळ्यावरचं दिसत नव्हतं. तो चष्मा इस्पितळातून तिच्या आईला मिळाला आणि बारकीने तो सहा वर्षं लावला, हे तिनेच मला पूर्वी कधीतरी जेवताना सांगितलं होतं. तेव्हा माझा घास हातातच राहिला होता.

"मग तुम्ही?"

"खिशातून डबी काढली. उघडून बघितलं. म्हटलं, नाही फुटला. त्याने मान हलवली. मी डबी परत खिशात ठेवली."

बारकी उठली. ओला पदर पिळला, पिशवी घेतली, चपला शोधून पायात घातल्या. जेवण झाकून ठेवलेलं तसंच. फाटकापाशी थांबेल असं वाटलं, पण थांबली नाही. झाडाकडे गेली, मुकादमाशी काही बोलली आणि एकच्या बसला हात केला. बस माझ्या दारावरूनच गेली. ती पलीकडच्या खिडकीशी बसली होती.

दोन वाजता मुकादमाची माणसं हातगाडीवर दगड घेऊन आली.

"पायरीपाशी बसवा म्हणाल्या ताई. पिंप होतं त्या जागी," मुकादम म्हणाला. "आजी, इथे सही करा. कमाल आहे तुमची. लोक दारातला दगड हलवा म्हणून माझे पाय धरतात. दारात आणून बसवून घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मी सही केली. आधी कागद दोनदा वाचला. तो म्हणाला, घाई नाही.

त्या वर्षी माझ्याकडची तीन गिऱ्हाइकं तुटली. बाळांच्या आयांना हल्ली तयार कपडे मिळतात, त्यामुळे होतीच मुळी पाच-सहा. बारकीचा फोन आला नाही. मी रोज सकाळी दगड पुसायची आणि 'इथे' या अक्षरांवरून फडकं दोनदा फिरवायची.

पुढच्या वर्षी त्या तारखेला मी सकाळपासून खिडकीत होते. साडेअकराची बस थांबली आणि बारकी उतरली. घरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्याने तिने दगड धुतला. मग पायरीवर बसली, माझ्याकडे पाठ करून.

"चहा ठेवू?"

"पाणी आहे माझ्याकडे."

थोड्या वेळाने म्हणाली, "सांगा." मी उंबऱ्याच्या आत बसून पुन्हा सगळं सांगितलं, आवाजापासून डबीपर्यंत. ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, "डबी कुठल्या खिशात होती?" डाव्या, मी म्हटलं. एकच्या बसने ती गेली. मावशी म्हटलं नाही, आत आली नाही. एकही विनोद सांगितला नाही.

तेव्हापासून मी ती दुपार सारखी आठवत असते. ती पुढे काय विचारेल सांगता येत नाही. पायात काय होतं त्याच्या? डोळे उघडे होते का? जे आठवत नाही ते मनचं सांगायचं नाही, एवढं ठरवलंय. एकदा मनचं सांगून झालंय.

यंदाही ती आली. मी सांगितलं, ती ऐकत होती. मग म्हणाली, "ऊन होतं का त्याच्या तोंडावर?"

"आधी होतं. मग मी सरकून सावली केली."

एकची बस आली. हॉर्न दिला. ड्रायव्हर तिला ओळखत असावा, जरा थांबलाही. बारकीने बसकडे पाहिलं आणि पिशवी मांडीवरून काढून बाजूला ठेवली. बस गेली. धूळ खाली बसली. मी चहाचं विचारलं नाही.