रंगाखालचा बाबा

माझा बाबा, दत्ताराम, दशावतारात राण्यांची कामं करायचा, आणि होता महाहट्टी. घरात त्याचे ढीगभर फोटो, सगळे लुगड्यातले, रंग फासलेले. बिनरंगाचा एकच, आधारकार्डावरचा; त्यात तर तो चोर दिसतो.

गेल्या शिमग्यानंतर छातीत कळ आली आणि बाबा गेला. तेव्हापासून आईचं एकच पालुपद, "माका तेचा तोंड एकदा बघूचा आसा गो. तेचा सोताचा."

मी पुण्याच्या प्रयोगशाळेत होलोग्राम करते. टीव्हीत असतो तसलाच लिक्विड क्रिस्टलचा पडदा, पण बोटभर. त्यावर लेझर सोडला की माणूस हवेत उभा राहतो, बाजूला सरकलं की त्याचा कानसुद्धा दिसतो. बाबा पुण्याला आला होता तेव्हा चहूबाजूंनी कॅमेरे लावून मी त्याला टिपलं होतं. पण हा शहाणा आधी बाथरूममध्ये जाऊन तोंड रंगवून, केसांना गंगावन लावून आला! "बिनरंगाचो कॅमेऱ्यासमोर? लोक काय म्हणतले?"

तो रंग मी कॉम्प्युटरवर कणाकणानं पुसला. गंगावन काढलं, भुवया त्याच्या केल्या. जीव काढला माझा.

मग यंत्र मालवणला आणलं, माजघराची दारं लावली आणि सुरू केलं. टेबलावर मूठभर बाबा लालसर उजळला.

आई डावीकडे झुकली. "कान तेचोच," म्हणाली आणि हसली. मग बराच वेळ बघत राहिली.

"रंग काढलंस गो, पण राणी खंय काढलंस?"

खरंच की! मान कललेली, पापण्या खाली. राजापुढे उभी असलेली राणीच ती. मी मेली गाल नि कपाळच बघत बसले होते.

"असो मान खाली घालून तो माज्यासमोर कधी उभो रवलो नाय," आई म्हणाली. "डोळ्यात डोळो घालून भांडायचो. तेका वर बघूक सांग."

"आई गो, एवढंच टिपलंय."

"मगे मीच खाली वाकतंय."

"नको, आई!" मी ओरडले. एवढ्याशा पडद्यापुढे थोडंसंच इकडेतिकडे सरकता येतं, त्यापलीकडे काही दिसत नाही. पण आईनं गुडघे टेकले, गाल टेबलाला लावला आणि त्याच्या नजरेखाली शिरायला बघू लागली.

"गेलो," ती म्हणाली. "आत्ता हय होतो गो."

खांदे धरून मी तिला उठवलं. बाबा तिथेच होता, खाली बघत.

ती परत वाकली.