मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर

उजवा गुडघा उभा करून मास्तरांनी पाऊल डाव्या मांडीपलीकडे टेकवलं, डावं कोपर त्या गुडघ्याला अडवलं आणि उजवा तळहात पाठीमागे जमिनीवर ठेवला. आता फक्त वळायचं होतं. तिथेच सगळं अडलं होतं.

"बाबा, आधी श्वास घेऊन ताठ व्हा. मग श्वास सोडत कमरेपासून वळा. मान शेवटी," लेक म्हणाली. ती योगासनं शिकवायची आणि बापाला इतर विद्यार्थ्यांपेक्षा जरा जास्तच रागवायची.

तीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून मास्तरांची पाठ अशी आखडली होती, की मागे बसून काजं-बटणं करणाऱ्या बायकोने हाक मारली तर ते उठून दुकानाबाहेर जात आणि तोंड फिरवून पुन्हा आत येत. तोवर आपण हाक कशाला मारली हे ती विसरलेली असे.

शेवटी लेकीने अट घातली. महिनाअखेरपर्यंत बसल्या जागेवरून मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता आली नाही, तर मशीन बंद. तीस वर्षांत त्यांची एक पँट दुरुस्तीला परत आली नव्हती. हे ते गिऱ्हाइकाला पँट घालून बघण्याआधी सांगत, आणि नंतरही सांगत.

मग रोज सकाळी कटिंगच्या टेबलाशेजारी सतरंजी पडू लागली. पहिल्या आठवड्यात मास्तरांना वळून स्वतःची बाही दिसली. दुसऱ्यात इस्त्री. तिसऱ्यात खिडकी. झोप गाढ लागू लागली, पोट वेळेवर साफ होऊ लागलं, मशीनवरून उठताना निघणारं "आई गं" बंद झालं. त्यावाचून दुकानात चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, असं बायकोचं म्हणणं पडलं.

परीक्षेच्या सकाळी लेक यायच्या आत मास्तरांनी एकट्यानेच वळून पाहिलं. कंबर वळली, खांदे वळले, मान अलगद मागे गेली. कॅलेंडर दिसलं. कॅलेंडरखाली बायको दिसली. मास्तरांनी काल शिवलेली पँट तिच्या मांडीवर उलटी पडली होती आणि ती ब्लेडने कमरेची शिलाई उसवत होती. उसवून झाल्यावर तिने दोन बोटं मापून कंबर सैल केली आणि टाचणी लावली. मोजायला टेप घेतली नाही. हात सवयीचा होता.

ती पँट बँकेच्या मॅनेजरांची. टेप दिसली की ते श्वास रोखून पोट आत ओढायचे. तसे सगळेच ओढायचे. मास्तरांनी जन्मभर टेपकडे पाहिलं होतं, पोटाकडे नाही.

ते हळूच पुढे वळले. मागचं सगळं दिसतं हे कळलं, तर ती बिचारी उसवणार कधी? आणि दिसत नाही म्हणावं, तर मशीन जातं.

लेक आली.

"हं, वळा."

मास्तर मोठ्याने खाकरले.

"वळतो. आता वळतोय बरं का मी."

त्यांनी तीन श्वास जास्तीचे घेतले. मागे काहीतरी सरसरत कपड्यांच्या गठ्ठ्याखाली गेलं. मग ते वळले. बायको शाळेतल्या शहाण्या मुलीसारखी बटण लावत होती.

"एकतीस," मास्तर म्हणाले.

लेकीने टाळ्या पिटल्या, दुसऱ्या बाजूनेही तेवढंच वळायला लावलं आणि आपल्या वर्गावर निघून गेली.

"बरंच दिसायला लागलं की हो तुम्हाला," बायको म्हणाली.

"तारखेपुरतं."

दुपारी बेकरीवाले मापाला आले. टेप पाहताच त्यांचं पोट आत गेलं. मास्तरांनी पोट आत जाताना नीट पाहिलं, वहीत छत्तीस लिहिलं आणि परत न आलेल्या पँटींची गोष्ट सांगितली. शिवताना मात्र कमरेला दोन बोटं कापड आत जास्त सोडलं आणि टाके लांब लांब घातले, एका ओढीत निघतील असे. पँट त्यांनी न वळताच मागे दिली.

ब्लेड लागलंच नाही; एका ओढीत दोरा सरसर निघाल्याचा आवाज आला. मग मागून, अगदी त्यांच्यासारखंच, कुणीतरी मोठ्याने खाकरलं.