समुद्राकाठची गढी

कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले नत्थूजी नागपुरातल्या बेसा भागात एका फ्लॅटमध्ये एकटेच राहत. बायको वारल्यापासून दर रविवारी संध्याकाळी त्यांचा मुलगा दुर्गेश इंग्लंडहून व्हिडिओ कॉल करायचा. त्याच्या गावाबाहेर समुद्राकाठी एका लहानशा रोमन किल्ल्याचे अवशेष होते. फिरायला गेला की तो तेच दाखवायचा. गुडघ्याएवढ्या दगडी भिंती, झिजलेला उंबरठा, आत चरणाऱ्या मेंढ्या, पलीकडे करडं पाणी.

नत्थूजी त्याला गढी म्हणत. "शिपायायच्या चुली कुठं होत्या?" असं काहीबाही विचारत. दुर्गेश शोधून सांगे. एकदा तो म्हणाला, हे शिपाई फार लांबच्या मुलखांतून आणलेले, पुष्कळसे परत गेलेच नाहीत. त्या दिवशी नत्थूजींनी फोन लवकर ठेवला.

मे महिन्यातल्या एका रविवारी ते म्हणाले, "आज सुनेले दाखव ना गा. लय दिवस झाले हिमानीले पाह्यलं नाही."

"घरी हाये, बाबा. चहा करून राहिली."

"मागच्या खेपेलेबी चहाच करून राहिली होती."

चित्र हललं आणि गवतावर थांबलं.

"सोडून गेली ती, बाबा. दिवाळीतच. लंडनले राह्यते आता."

इतके रविवार पोरगा त्या उघड्या दगडांत का जात होता, हे नत्थूजींना तेव्हा कळलं.

"मले काहून नाही सांगतलं?"

"आई गेल्यावर तुमीच एकटे. तुमाले अजून काय सांगू?"

"मी येऊ का तिकडं?"

"थंडी सोसणार नाही तुमाले. अन् मी दिवसभर कामावर. इथं काय कराल?"

"गढीत बसीन."

दुर्गेश हसला नाही. "नको, बाबा."

नत्थूजींनी आग्रह केला नाही. "मंग फोन ठेव त्या भिंतीवर अन् समोर बस. दाखवू नको काही."

त्यानं फोन दगडाला टेकवला. कित्येक महिन्यांनी त्यांना पोराचा चेहरा नीट दिसला. गाल बसले होते, दाढी वाढली होती.

"जेवला का?"

"नाही."

"जेव. मी हाये."

दुर्गेशनं पिशवीतून ब्रेड काढला. नत्थूजीही सकाळची पोळी आणि वांग्याची भाजी घेऊन फोनसमोर बसले. दोघं समोरासमोर खात राहिले. मग दुर्गेशच्या फोनची बॅटरी संपली असावी, पडदा काळा झाला.

पुन्हा कॉल येईल म्हणून ते ताट मांडीवर घेऊन थांबले. कूलरचा आवाज तेवढा येत होता. शेवटी उरलेली पोळी त्यांनी एकट्यानं संपवली.